आत्याचा पाय, माझी पाठ

पाठ दुखणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला परवाना लागत नाही, हे मला विसाव्या वर्षी कळलं. दाढ ठणकली तर अंगणात गुरासारखे येरझारा घालणारे लोक मला सहनशक्ती शिकवायचे. कुणी म्हणायचं मन घट्ट कर, कुणी म्हणायचं एरंडाचं पान बांध, कुणी म्हणायचं लग्न कर. लग्न कर म्हणणारे सगळ्यात जास्त. माझ्याशी लग्न करणाऱ्या बाईच्या पाठीचा विचार त्यातल्या एकानंही केला नाही.

दुष्काळात कॉलेज सोडून मी गावी आलो आणि मंठ्याच्या रस्त्यावर खडीच्या कामाला लागलो. मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला, "बुकं शिकल्यायचं काम न्हाई हे, बाजूला व्हा." मी बाजूला झालो असतो तर आज हे पालथं पडून लिहावं लागलं नसतं. पण मला त्याला दाखवायचं होतं. दोघांनी उचलायचा दगड मी एकट्यानं छातीपर्यंत आणला आणि कमरेत काहीतरी सुटलं. लोक सांगतात की कडकन आवाज येतो. थापा. काही आवाज येत नाही. गुपचूप सुटतं, आणि मांडीपासून पोटरीपर्यंत तापलेली सळई घातल्यासारखी कळ उतरते. मी दगडाशेजारीच पडलो. मुकादम वरून म्हणाला, "नाटक बंद कर अन् ऊठ." मी उठलो. त्या उठण्याचा मला पुढं चार वर्षं अभिमान वाटला. तो गाढवपणा होता हे आता लिहून टाकतो.

दुष्काळ सरला, पाठ राहिली. मी नव्या जालन्यात आलो. स्टेशनच्या रस्त्याला एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर आमच्या संघटनेची खोली होती. खोलीत एक सायक्लोस्टाइल यंत्र, एक फळा आणि एक आरामखुर्ची. पत्रकं मी लिहायचो, स्टेन्सिल मी कापायचो, यंत्राचा दांडाही मीच फिरवायचो, आणि दर शंभर कागदांनी जमिनीवर आडवा पडायचो. जालन्याच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं, मणका सरकलाय, तीन महिने फळीवर पडून राहा. रोजच्या भाकरीची सोय असलेल्यांना देण्याचं औषध त्यानं मला दिलं, वर एक कॅनव्हासचा पट्टा दिला.

आमचे सेक्रेटरी मला म्हणाले, "सोबती, दुखणं शरीरात नसतं. ध्येय पक्कं असलं की पाठ दुखत नाही." हे ते आरामखुर्चीतून म्हणाले. त्यांच्या पाठीमागे उशी होती.

मग तहसिलीतून पत्र आलं. आमच्या गावच्या विहिरीच्या तक्रारीची पाहणी करायला तहसीलदार स्वतः येणार होते, महिनाअखेरीला.

ही विहीर गायरानात होती. दुष्काळी कामावर ती खणली आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायांनी. मातीच्या पाट्या त्यांनी वाहिल्या, सुरुंगानंतरचा दगड त्यांनी उपसला. पाणी लागलं त्या आठवड्यात शेजारच्या मळेवाल्यानं भोवती काटे लावले आणि आत जायला कुडाची एक झापडी ठेवली. झापडीच्या आत त्याच्या घरचे नि गावातले लोक पाणी शेंदायचे. आमच्या बायांनी घागरी झापडीबाहेर मांडायच्या आणि कुणी वरून ओतून देईपर्यंत थांबायचं. कुणाला सवड नसली तर दुपारपर्यंत थांबायचं. कागदोपत्री असं काहीच नव्हतं. कागदोपत्री आपल्या देशात काहीच नसतं.

आधी दोनदा अर्ज झाले होते, दोनदा साहेब येऊन गेले होते. दोन्ही वेळा मळेवाला शेजारी उभा राहिला आणि बाया म्हणाल्या, "काई न्हाई सायेब, आमचं बराबर चालू हाय." ही तिसरी वेळ. या वेळी साहेबासमोर बायांनी आत जाऊन स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं पाहिजे, एवढीच गोष्ट होती. त्यासाठी कुणीतरी गावात महिनाभर राहायला हवं होतं.

"तुझी ही अवस्था," सेक्रेटरी म्हणाले. "दुसरा कुणी मोकळा झाला की पाठवू. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

मी तिथल्या तिथे पट्टा आवळला. मला जायला लावलं ते ध्येयानं नाही. 'पुढच्या वर्षी' या शब्दांनी लावलं.

मंठ्यापर्यंत एसटीत उभ्यानं गेलो, कारण बसलं की कळ गुडघ्याखाली जाते. कंडक्टर म्हणाला, जागा हाय की. मी म्हणालो, असू दे. पुढं गावापर्यंत पायी. चालताना मी एक युक्ती वापरायचो, आजही वापरतो. लोक म्हणतात पुढच्या झाडापर्यंतच चालायचं असं ठरवावं, मग त्याच्या पुढच्या. मी झाडं धरत नसे. मी माणसं धरायचो. त्या बाभळीपर्यंत मुकादमासाठी, म्हणजे तो म्हणायला नको की बघा, पडला. त्या पुलापर्यंत सेक्रेटरीच्या उशीसाठी. तिथून वेशीपर्यंत मळेवाल्यासाठी. मला आशेवर कधी फर्लांगभरही चालता आलं नाही. तिरस्कारावर मी कोस कोस चाललोय. ह्याला कुणी हिणकस म्हणेल. त्यानं आधी मणका सरकवून घ्यावा, मग बोलावं.

गावात मी आत्याकडे उतरलो. आईबाप लहानपणीच गेले, मला तिनंच वाढवलेलं. आत्या साठीची, काटकुळी, आणि पायाळू. आईच्या पोटातून ती पायाकडून जन्मली, डोक्याकडून नाही. आमच्याकडे समज असा की पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते. पंचक्रोशीत ती एकटीच पायाळू. त्यामुळे रविवारी सकाळी तिच्या अंगणात माणसं यायची, आणि त्यातलं नेहमीचं गिऱ्हाईक कोण असेल? मळेवाला. सगळा गाव त्याला आबा म्हणायचा.

पहिल्याच रविवारी मी तो सोहळा पाहिला. गाडीतून आबा उतरला, त्याच्या म्हाताऱ्या सालगड्यानं अंगणात पोतं अंथरलं. पोतं घरून आणलेलं, आमची जमीन लागू नये म्हणून. आबा पालथा पडला. सालगड्यानं त्याच्या पाठीवर उपरणं टाकलं. आत्यानं उजवा पाय उपरण्यावरून कमरेवर दाबला, सरकवला, आणि शेवटी टाचेनं एक हलकी लाथ दिली. मग सालगड्यानं तांब्यातलं पाणी आबाच्या अंगावर शिंपडलं. तांब्याही घरून आणलेला, पाणीही. म्हणजे लाथ पाहिजे, पण लाथेचा विटाळ नको. एवढी बारीक व्यवस्था सरकारी खात्यालाही जमणार नाही.

गाडी गेल्यावर मी आत्याला धरलं.

"आत्या, हे थोतांड आहे."

"मंग?"

"मग बंद कर."

"दुखतंय त्याला, येतोय त्यो. मी काय बोलवाया गेल्ते?"

"तुझ्या हातचं पाणी चालत नाही आणि पाय चालतो?"

"मलाबी त्येचंच नवल वाटतं," आत्या म्हणाली. "पर त्ये त्याला इचार की. मला का भांडून राह्यला?"

"आपण दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले. मग हे कशाला ठेवलंस?"

"देव लाकडाचे व्हते, सोडले. पाय अंगालाच हाय, लेका. कुठं सोडू?" मग मी उठताना भिंत कशी धरतो ते तिनं बघितलं. "तू पड बरं पालथा."

"नाही."

"का? माझा पाय लागला तर तुझी बुकं बाटतेत?"

त्या दुपारी मी पालथा पडलो, पण पत्रक लिहायला. 'लाथेचे शास्त्र' असा मथळा दिला. जमीनदारी, अज्ञान, शोषण, सगळं त्यात बसवलं आणि आत्याला वाचून दाखवलं. तिनं ज्वारी निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिव्हलंय," ती म्हणाली. "पर त्याच्यात मी कुठंय? नुस्ती लाथच हाय."

ते पत्रक मी छापलं नाही. माझ्या न छापलेल्या पत्रकांत तेच एक बरं होतं, असं तेव्हा वाटायचं. आता तसंही वाटत नाही.

रोज दुपार कलली की मी वस्तीच्या चावडीपुढं बायांची बैठक घ्यायचो. पुरुष फिरकत नसत. निम्मे आबाच्या नि त्याच्या भावकीच्या शेतात सालानं होते, उरलेल्यांना विहीर हा बायकांचा विषय वाटायचा. पाणी पिताना मात्र वाटत नसे. बैठकीत मी उभा राहायचो. आडवं पडून बोलणारा कार्यकर्ता मी पाहिला नव्हता. पट्टा शर्टाच्या आत, घाम कपाळावर, आणि तोंडात जालन्याच्या माडीवरची भाषा. मी त्यांना जगभरच्या शोषितांबद्दल सांगायचो. बसच्या पाटीकडे बघावं तशा बाया माझ्याकडे बघायच्या.

एकीनं विचारलं, "समदं खरं, दादा. पर सायबाम्होरं पैला पोहरा कोण टाकनार?"

जी पहिली दोराला हात लावेल तिला दुसऱ्या दिवशी खुरपणीला कुणी बोलावणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी छाती काढून म्हणालो, "पहिला पोहरा मी शेंदीन."

ज्याला पायातली चप्पल वाकून सरळ करता येत नव्हती त्यानं हा शब्द दिला. खोल विहीर, भरलेला पोहरा, आणि हा माझा मणका. मला तेव्हाच ठाऊक होतं की हे होणार नाही. पण माझ्यासमोर बाया होत्या, आणि लोकांसमोर पाठ दुखते म्हणणं मला खडीच्या कामावर जमलं नव्हतं, इथंही जमलं नाही. मुकादमासमोर दगड उचलणारा तोच गाढव.

दुसऱ्या आठवड्यात बैठकीत बोलता बोलता चावडीच्या खांबाला मिठी मारून मी खाली घसरलो. वाक्य अर्धं राहिलं. चार जणींनी उचलून आत्याच्या अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर टाकलं. आत्यानं माझा शर्ट वर केला आणि पट्टा सगळ्यांना दिसला.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं, "हे तर बैलाच्या सरंजामावानी हाय."

तीन दिवस मला कूससुद्धा बदलता आली नाही. मला वाटलं, संपलं. उभा राहू न शकणाऱ्या पुढाऱ्यामागं कोण येतं? पण बाया आल्या. बैठकीला नाही, आजाऱ्याला बघायला. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं कुणी चुकवत नाही, मग आजारी मनातून नावडता असला तरी. त्या बाजेभोवती बसल्या, कुणी तूर निवडत, कुणी लेकराला पाजत. मला बोलवत नव्हतं, त्यामुळे त्या बोलल्या.

चावडीपुढं जिनं पहिल्या पोहऱ्याचं विचारलं होतं ती म्हणाली, "दादा, तुम्ही असं पडूनच ऱ्हात जा. उभं ऱ्हायलं की लई येळ बोलता."

बाकीच्या हसल्या. मला हसताना कळ येत होती, म्हणून हसलो नाही. दुसरंही कारण होतं.

त्या बोलण्यात मला कळलं की त्या आबाच्या ओरडण्याला भीत नव्हत्या. त्यांची भीती साधी होती. खुरपणीला एकटी वगळली गेली तर मेली, सगळ्याच वगळल्या तर आबाचं तण कोण काढणार? हा हिशेब त्यांनी माझ्या आधीच केलेला होता. अडत होतं ते फक्त 'पैली कोण' यावर. आणि तिथं जी ती दुसरीकडे बघायची, मग सगळ्या मिळून माझ्याकडे. मी लिंबाच्या फांद्यांकडे बघायचो.

पाहणीच्या आधीचा रविवार. मी बाजेवरच होतो, थोडा बरा, उशाला भिंत घेऊन. आबाची गाडी आली. या वेळी त्याला एकट्या सालगड्याला उतरवता आलं नाही, गाडीवाल्यालाही हात लावावा लागला. तोंड पांढरं पडलं होतं. पोत्यावर पालथा होताना तो जो आवाज काढत होता तो माझ्या ओळखीचा होता. रोज सकाळी मी तोच काढायचो.

आत्या घरातून पदराला हात पुशीत आली, पाय उचलला आणि मध्येच थांबली.

"आबा, पाय मळलाय. धुवावा लागंल."

"मंग धू की, जल्दी."

"घरात पानी न्हाई. तांबडं फुटल्यापासून घागरी झापडीपशी पडल्यात. कुनी ओतलं न्हाई."

"ह्यो जाईल, आनंल." आबानं जमिनीवरूनच सालगड्याकडे बोट केलं.

"दुसऱ्यानं शेंदल्याल्या पान्यानं पाय धुतला की गुण येत न्हाई," आत्या म्हणाली.

मी तिच्या घरात वाढलो. असा काही नियम नव्हता. तिनं तो तिथं उभ्या उभ्या केला होता.

"आजवर तर कधी धुतला न्हाईस!"

"म्हून तर दर महिन्याला परत येऊन राह्यला न्हवं का?"

दुखण्यात माणसाला तर्क लवकर पटतो. आणि इथं, ज्या क्षणी मी तोंड बंद ठेवायला हवं होतं, त्या क्षणी माझी संघटनेतली सगळी तालीम जागी झाली. मी बाजेवरून ओरडलो, "आत्या, आधी लेखी घे!"

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. आबा पोत्यावर गाल टेकवून म्हणाला, "ह्याला काय झालंय?"

"त्येचीबी पाठ धरलीय."

"मंग त्याला घाल आधी लाथ. गप तरी पडंल."

आत्या हसली. माझी आत्या माझ्या वर्गशत्रूच्या विनोदाला हसली, हे मी तिला बरेच दिवस माफ केलं नाही. मग आबानं डोळे मिटले आणि म्हणाला, "जा बये. जा, आन. पर तांब्याच ने, घागर नगं..."

आत्या केव्हाच घागर घेऊन निघाली होती. सालगडी हुकमासाठी थांबला. आबा त्याला म्हणाला, "बघतो काय? कंबर धर माझी."

आम्ही दोघं पडून राहिलो, तो पोत्यावर, मी बाजेवर. वस्तीतल्या बाया दारात आल्या. थोड्या वेळानं गायरानाकडून चाकाचा करकर आवाज आला. दोर खाली जातानाचा, मग भरून वर येतानाचा. दोन्ही आवाज वेगळे असतात. आत्या भरली घागर डोक्यावर घेऊन आली, उंबऱ्याशी उभी राहिली आणि दोन्ही पाय धुतले, घोट्यापर्यंत, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. उरलेली घागर तिनं आत नेऊन पिण्याच्या रांजणात ओतली. मग बाहेर येऊन आबाच्या कमरेवर पाय दिला. त्या दिवशीची लाथ मला जरा जोरात वाटली.

मी मात्र चिडलो होतो. हे आंदोलन नव्हतं. ही अंधश्रद्धा होती, वर तिच्यात एका खोट्या नियमाची भर. माझ्याकडे अख्खं पत्रक होतं आणि पाणी आणलं होतं ते टाचेनं.

तीन दिवसांनी दुपारी जीप आली. मी पट्टा आवळून, काठी घेऊन, विहिरीपर्यंत चालत गेलो. त्या वेळी मला मुकादमही लागला, उशीही लागली, सगळे लागले. झापडीशी तहसीलदार, कारकून, आबा आणि अर्धा गाव. आमच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन एका बाजूला. आबानं सुरुवातच अशी केली, "सायेब, कसली तक्रार? ही म्हातारी रविवारीच आत जाऊन शेंदून घेऊन गेली. इचारा तिलाच."

साहेबांनी आत्याकडे बघितलं. "गेल्ते की," आत्या म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले. "मग तुमचं म्हणणं काय?"

माझं म्हणणं फार मोठं होतं. मी सुरू केलं, पण साहेबांचा डोळा घड्याळावर गेला. मी भाषण सोडलं आणि झापडीतून आत गेलो. दोर धरला. पोहरा खाली सोडला, तो भरल्याचा हिसका हाताला लागला. पहिला ओढा मी घेतला. दुसऱ्याला कमरेतून कळ अशी गेली की डोळ्यांपुढं काळं झालं आणि गुडघे आपोआप टेकले. दोर सुटला नाही, एवढंच. सगळा गाव बघत होता. कुणीतरी हसलं. आबा हसला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याचा हात त्याच्या स्वतःच्या कमरेवर गेला होता.

तेवढ्यात पाठीमागून दोर माझ्या हातातून ओढून घेतला गेला. तीच बाई, पहिल्या पोहऱ्याचं विचारणारी.

"सरका, दादा. तुमच्यानं संध्याकाळ व्हईल."

तिनं पोहरा वर आणला, स्वतःच्या घागरीत ओतला आणि दोर मागच्या बाईच्या हातात दिला. मागचीनं तिच्या मागचीच्या. 'पैली कोण' हा महिनाभराचा प्रश्न मी गुडघ्यावर पडलो म्हणून सुटला. मी उभा असतो तर त्या माझी वाट बघत बसल्या असत्या.

साहेबांनी कारकुनाला मजकूर सांगितला. सदर विहिरीचे पाणी सर्वांस उपलब्ध असून तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. खाली आबानं सही केली. मी ओरडलो की हे खोटं आहे, चार वर्षं आमच्या बाया बाहेर उभ्या होत्या.

साहेब म्हणाले, "आता भरतायत ना? मग झालं तर." जीप गेली.

मला वाटलं होतं, विहीर खुली झाली की पाठ हलकी वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठताच आलं नाही. दुखणं पूर्वीएवढंच होतं, पण ज्याच्यासाठी उठावं असं कुणी समोर उरलं नव्हतं. ज्याच्यावर मी कोस कोस चाललो ते तेल संपलं होतं. शत्रूनं सही करून दिली होती, आणि सहीचा तिरस्कार करता येत नाही, निदान मला येत नव्हता. सेक्रेटरींचं कार्ड आलं, विजयाबद्दल अभिनंदन, परत या, पत्रक काढू. मी ते वाचून उताणा पडून राहिलो. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मी आता कायमचा आडवाच राहणार. कुणाला काही फरकही पडणार नाही.

चौथ्या दिवशी बाया आल्या. आबाच्या घरचे पहाटेच येऊन विहिरीच्या काठाला स्वतःचे हंडे खेटून लावत होते, आमच्यातली कुणी पुढं झाली की भांडण उकरत होते. बायांना कुणीतरी तिथं उभं हवं होतं, साहेबाच्या कागदाची नक्कल हातात घेऊन. आबाची सही दिसली की त्याच्या सुना गप्प बसतील, असं त्यांचं म्हणणं.

"तो कागद खोटा आहे," मी म्हणालो.

"मंग काय झालं? सही तर खरी हाय," आत्या म्हणाली. "तुला बसता येत न्हाई, वाकता येत न्हाई. उभं तर ऱ्हाता येतंय? मंग ऊठ."

मी कुशीवर वळलो, कोपर टेकलं, पाय खाली सोडले, भिंत धरली. त्या सकाळी मला वाटेत कुणाचंही तोंड आठवावं लागलं नाही. सात वाजता विहिरीवर असायचं होतं, म्हणून गेलो.

महिनाभर मी तिथं उभा राहिलो. चाकाच्या खांबाला टेकून, खिशात तो खोटा कागद. भाषण नाही, घोषणा नाही. कुणी भांडायला लागलं की कागद काढायचा, भांडण थांबलं की ठेवायचा. इतकं निर्बुद्ध काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि एकही दिवस चुकवला नाही. गावातली टवाळ पोरं मला 'हिरीचा खांब' म्हणायची. सेक्रेटरींनी या वेळी लांबलचक पत्र पाठवलं, त्यात 'कार्याची दिशा' वगैरे होतं. त्यावर आत्यानं वाल निवडले.

एका सकाळी आबा आला. एक हात कमरेवर, पाय फेंगडे टाकत. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला आणि पाणी शेंदणाऱ्या बायांकडे बघत राहिला.

"कमी हाय का तुझं?" त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

"न्हाई."

"मलाबी न्हाई." त्यानं कमरेवरचा हात बदलला. "म्हातारीला सांग, रविवारी येतो."

"पाय धुवायला पाणी लागंल," मी म्हणालो.

"हाय की आता," तो म्हणाला आणि गेला.

सारखं दुखणं माणसांना जवळ आणतं, असं लिहिण्याची एक पद्धत आहे. मला आबाची कीव आली नाही. चार वर्षं बाहेर उभं केलेल्या बायांची त्याला कधी आली नव्हती, आणि त्याच्या पाठीला माझ्या पाठीहून जास्त अक्कल असेल असं मानायला काही आधार नाही. तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मी डाव्या पायावरचं वजन उजव्यावर घेतलं. रांगेत अजून बऱ्याच घागरी होत्या.